सहेरीच्या मुठीतल्या गोळ्या

गेल्या रमजानातला बारावा रोजा. मार्चचे ऊन, असरची नमाज होऊन थोडा वेळ झालेला. इफ्तारला अजून दीड तास बाकी होता. मी कॉलेजातून परतताना खालांच्या घरी डोकावले, तर त्या जानमाजवरच भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भलतेच येत होते. शेजारच्या काकू त्यांना वारा घालत होत्या. काकूंनाही साखरेचा आजार बारा वर्षांचा, त्यामुळे त्यांनी ओळखले. घरून स्वतःचे ग्लुकोमीटर घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोट टोचू का? रोजा मोडेल म्हणून या हात देत नाहीत."

बोट टोचून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतांश उलेमा सांगतात. हे मला ठाऊक होते. मी खालांचा हात धरला. आकडा आला ५८.

७० च्या खाली साखर गेली की रोजा तिथेच सोडायचा, वेळ कितीही थोडा उरलेला असो, असा वैद्यकीय नियम आहे. ३०० च्या वर गेली तरी सोडायचा. खाला म्हणत होत्या, "बेटा, डेढ़ घंटा तो रह गया." दीड तासासाठी तेरा तासांचा रोजा सोडायचा, हे त्यांच्या जिवावर आले होते. शेवटी काकूंनीच साखरेचे पाणी ओठांना लावले आणि म्हणाल्या, "आपा, अल्लामियाँ तुमचा हिशेब माझ्या नावावर लिहील, प्या." खाला हसल्या आणि प्याल्या. पंधरा मिनिटांनी आकडा ८१ झाला.

हा प्रसंग इथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. त्या ५८ पर्यंत खाला कशा पोचल्या याचा माग काढत गेल्यावर वाटेत एक पांढरी बाटली सापडली, आणि त्या बाटलीला होकार देणारी मी स्वतः होते.

बाटली आली होती आखाती देशातून. खालांचा भाचा तिकडे नोकरीला आहे. शब-ए-मेराजच्या सुमारास तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने ती आणली. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक आणि क्रोमियम अशा चार खनिजांच्या गोळ्या. बाटलीवर साखर नियंत्रणाला मदत होते अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य. खालांनी ती माझ्यापुढे ठेवली, कारण घरात इंग्रजी वाचणारी आणि एम.ए. झालेली मी. मी लेबल वाचले. साहित्याची प्राध्यापिका लेबल वाचते तेव्हा तिला शब्द कळतात, मिलिग्रॅम कळत नाहीत. "औषध नाही खाला, जीवनसत्त्वांसारखेच आहे, घ्या," असे मी म्हणाले. आपल्याकडे या गोळ्यांना एकच नाव आहे, 'ताकदीची गोळी'. आणि ताकदीने कुणाचे काय बिघडणार?

खालांची रोजची औषधे अशी: साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, थायरॉइडसाठी थायरॉक्सिन, आणि गॅससाठी पॅन्टोप्राझोल. ही शेवटची कुणी कधी लिहून दिली ते आता आठवतही नाही, पण आठ वर्षे चालू आहे. आपल्या मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने, त्यामुळे जुनी चिठ्ठी कधीच मरत नाही.

एरवी या गोळ्या दिवसभरात विखुरलेल्या असतात. थायरॉइडची उठल्याबरोबर, गॅसची नाश्त्याआधी, साखरेच्या जेवणाच्या आगेमागे, रक्तदाबाची आणखी कधी. रमजान आला की दिवस दोन टोकांवर येतो, सहेरी आणि इफ्तार. पहाटे सव्वापाचच्या घाईत, मशिदीचा भोंगा वाजायच्या आत, घरोघरी एक दृश्य दिसते. आई किंवा आजी तळहातावर सगळ्या गोळ्या एकदम ओतते आणि एका ग्लासात गिळते. मी लहानपणापासून हे बघत आले आहे. त्यात धोका असू शकतो असे कधी मनात आले नाही.

रमजानच्या पहिल्या दिवसापासून खालांनी ताकदीच्या गोळ्या एकाच्या तीन केल्या. बाटलीवर 'एक मात्रा म्हणजे तीन गोळ्या' असे लिहिलेच होते, आणि रोज्यात ताकद जास्त लागणार. चौथ्या दिवशी पोट बिघडले. त्यांनी मला विचारले. मेटफॉर्मिनने जुलाब होतात हे मी कुठेतरी वाचले होते, आणि ते खरेही आहे. मी सांगितले, "मेटफॉर्मिन आठवडाभर बंद ठेवून बघू." पोट सुधारले नाही. सहेरीला त्यांना काही खाववेना. दोन घास आणि गोळ्यांची मूठ, एवढ्यावर रोजा.

बाराव्या रोज्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी पाकिटे आणि ती बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी टेबलावर सगळे मांडले आणि प्रथम बाटली उचलली. नंतर जे सांगितले त्याने मला खुर्चीत बसवेना. तीन गोळ्यांत ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम होते, आणि मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार हे मुळात रेचक आहेत. आपल्या आजोबांच्या काळातले 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' म्हणजे तेच. अमेरिकेत पूरक गोळ्यांतून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर मॅग्नेशियम घेऊ नये अशी मर्यादा आहे. जुलाब त्याने होत होते. मी दोष दिला मेटफॉर्मिनला, ज्या औषधाने एकट्याने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली जात नाही. आणि चालू ठेवले ग्लिमेपिराइड, जे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. तेही सहेरीला, म्हणजे पुढच्या तेरा तासांच्या उपवासाच्या तोंडावर. बंद करायची ती चालू आणि चालू ठेवायची ती बंद, असा सगळा उलटा कारभार माझ्या सल्ल्याने झाला होता.

त्यानंतर मी वाचायला लागले. भाषेची माणसे अपराधी वाटले की वाचतात. डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारूनही घेतले. त्यातले जे आपल्या गावातल्या कुणाच्याही घरात उपयोगी पडेल, ते सांगते.

बाटलीवर सर्वांत मोठ्या अक्षरात होते क्रोमियम. त्याची गोष्ट मोठी रंजक आहे. १९५७ साली श्वार्ट्झ आणि मेर्ट्झ या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करताना यीस्टमध्ये असे काहीतरी आहे, ज्याने उंदरांची साखर आटोक्यात येते, असे नोंदवले. पुढे ते काहीतरी म्हणजे क्रोमियम असे ठरले. १९७७ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एका रुग्ण महिलेची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे पोषण कित्येक वर्षे फक्त शिरेतून चालले होते. तिची साखर बिघडली, आणि क्रोमियम दिल्यावर सुधारली. १९९७ साली चीनमध्ये मधुमेहाच्या १८० रुग्णांवर अभ्यास झाला. चार महिन्यांनी नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.५ होती, २०० मायक्रोग्रॅम क्रोमियम घेणाऱ्यांची ७.५ आणि १००० मायक्रोग्रॅमवाल्यांची ६.६. एवढा फरक तर चांगल्या औषधानेही मुश्किलीने पडतो. जगभर क्रोमियमच्या बाटल्या विकल्या जाऊ लागल्या त्या याच आकड्यांच्या जोरावर.

नंतर मात्र हे आकडे इतरत्र टिकले नाहीत. नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासांत फरक पडला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली क्रोमियम आणि मधुमेह यांचा संबंध अतिशय अनिश्चित आहे असे लिहिल्याशिवाय दावा करायला मनाई केली. २०१४ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर क्रोमियमची रोजची गरज ठरवायलाच नकार दिला, कारण निरोगी माणसाला ते आवश्यक आहे याचाच पुरेसा पुरावा नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची भूमिका गेली कित्येक वर्षे एकच आहे. अंगात कमतरता नसेल तर साखरेसाठी म्हणून क्रोमियम किंवा इतर खनिजे-जीवनसत्त्वे सरसकट घेण्यात फायदा नाही. माझ्या वर्गात मुले एकाच समीक्षकाच्या जोरावर कवीला डोक्यावर घेतात तेव्हा मी त्यांना रागावते. इथे मीही तेच केले होते, फक्त समीक्षक बाटलीवरचा होता.

झिंकची बाजू वेगळी. झिंक म्हणजे आपले जस्त. उर्दूतही तोच शब्द, जस्त. स्वादुपिंडात इन्शुलिन साठवले जाते ते जस्ताच्या आधाराने. इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या कणांभोवती गोळा होऊन बसतात. १९३० च्या दशकात इन्शुलिन जास्त वेळ टिकावे म्हणून त्यात प्रोटामिन आणि जस्त मिसळायला सुरुवात झाली. म्हणजे जस्ताचा साखरेशी संबंध आहे, आणि अगदी जवळचा. पण घराला विटा लागतात म्हणून अंगणात विटांचा ट्रक रिकामा केल्याने घर मजबूत होत नाही. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त दीर्घकाळ घेतले तर शरीरातले तांबे कमी होते, त्यातून रक्त कमी होते आणि नसांना इजा होते. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला मुंग्या आल्या की आपण साखरेला दोष देतो, बाटलीकडे कुणी बघत नाही.

इथे थोडे विषयांतर करते, कारण दोन भाषांत राहिल्याचा हा एक फायदा. हकीमांकडे धातूंची राख करून औषध बनवतात, तिला म्हणतात 'कुश्ता'. फारसी 'कुश्तन' म्हणजे मारणे, कुश्ता म्हणजे मारलेला धातू. आयुर्वेदात त्याच गोष्टीला भस्म म्हणतात आणि ते करण्याच्या क्रियेला 'मारण'. शब्द वेगळे, कल्पना एकच: धातूचा जहरीपणा मेला पाहिजे, मग तो माणसाला मानवतो. कुश्ता जस्त इकडे, यशद भस्म तिकडे, आणि दोन्ही साखरेच्या आजारात दिली जातात. आमच्या नानांच्या उशाशी कुश्त्याची डबी असे, काकूंच्या सासऱ्यांच्या कपाटात भस्माची. जुन्या वैद्य-हकीमांना धातू मारावा लागतो याची जाण होती, हे मला महत्त्वाचे वाटते. पण तो मेला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. २००४ साली अमेरिकेच्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, त्यातल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. तेव्हा साखरेवरची बिननावाची पुडी कुणी दिली, मग ती हकीमाची असो, वैद्याची असो वा बसस्टँडवरच्या टेबलावरची, तर आधी विचार करावा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने आपल्या देशात गुन्हा आहे. तरी भिंती त्याच जाहिरातींनी रंगलेल्या असतात, आणि रमजानात मशिदीबाहेरच्या बाजारात पत्रकेही वाटली जातात.

आता मॅग्नेशियमकडे परत येते, कारण या गोष्टीत खरा पेच तिथेच आहे.

डॉक्टरांनी खालांच्या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. मला वाटले, मॅग्नेशियम जास्त निघेल. निघाले कमी. मी चक्रावले. ४०० मिलिग्रॅम रोज पोटात जाऊन कमी कसे? त्याची कारणे दोन. जुलाबात मॅग्नेशियम बाहेर जाते. आणि ते मुळातच कमी असणार, आठ वर्षांच्या गॅसच्या गोळीमुळे. पॅन्टोप्राझोलसारखी औषधे वर्षभराहून जास्त घेतली तर रक्तातले मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिला होता. त्यात साखर वाढलेली असली की लघवीवाटेही ते जास्त जाते. टाइप दोन मधुमेहाच्या रुग्णांत मॅग्नेशियम कमी आढळणे हे नेहमीचेच आहे, आणि ज्यांच्यात ते खरोखर कमी आहे त्यांना दिल्यास उपाशीपोटीची साखर थोडीफार सुधारते असे काही अभ्यास सांगतात. म्हणजे भाच्याची बाटली अगदीच चुकीची नव्हती. चार खनिजांपैकी एक खालांना हवे होते. हवे होते ते कमी मात्रेत, इफ्तारनंतर, आणि ते कमी का झाले याचे कारण दूर करून. डॉक्टरांनी गॅसची गोळी हळूहळू बंद करायला घेतली आणि मॅग्नेशियम एकटे, थोडे, महिनाभर दिले. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी केली. मूत्रपिंड कमजोर असले तर मॅग्नेशियम अंगात साचते, आणि मधुमेहात मूत्रपिंड कमजोर होणे किती सर्रास आहे हे सांगायला नको.

दुसरा धक्का थायरॉइडचा. खालांचा टीएसएच आदल्या दिवाळीत साधारण ३ होता, तो ११ निघाला. गोळी तीच, मात्रा तीच, एकही दिवस चुकलेली नाही. कारण परत ती मूठ. कॅल्शियम, लोह, क्रोमियम, मॅग्नेशियमवाली अ‍ॅसिडिटीची औषधे, यातले काहीही थायरॉक्सिनबरोबर पोटात गेले की थायरॉक्सिन त्यांना चिकटते आणि आतड्यातून आत शिरत नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर लागते. मेराजपासून खाला दोन्ही गोळ्या पहाटे एकत्र घेत होत्या, 'एक ही बार में छुट्टी' म्हणून. दीड महिना त्या थायरॉइडची गोळी गिळत होत्या आणि ती बरीचशी वायाच जात होती. काही प्रतिजैविके आणि हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्यांचीही खनिजांशी अशीच गाठ पडते.

मग रमजानात थायरॉक्सिन घ्यायचे कधी? याला एकच उत्तर नाही. खालांसाठी ठरले ते असे: इफ्तारचे जेवण आठच्या आत संपवायचे, तरावीहहून आल्यावर काही खायचे नाही, आणि साडेअकराला गोळी घेऊन झोपायचे. तरावीहनंतरचा फालुदा त्यामुळे बंद झाला, याचे दुःख त्यांना ५८ च्या आकड्यापेक्षा जास्त झाले.

काकूंची गोष्ट राहिली. बाटलीतल्या तीस-चाळीस गोळ्या खालांनी एका डबीत घालून काकूंना दिल्या होत्या. ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ जसा भिंतीवरून जातो, तशाच गोळ्याही गेल्या. काकूंच्या तळपायांची आग होत असे, मुंग्या येत. मॅग्नेशियम नसांना चांगले, असे त्यांनी ऐकले होते. त्या दिवसानंतर त्याही घाबरून तपासायला गेल्या. मॅग्नेशियम ठीक होते, बी-१२ फारच कमी. काकू शुद्ध शाकाहारी, आणि बारा वर्षे मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतले तर बी-१२ चे शोषण घटते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. अधूनमधून ते तपासावे असे मार्गदर्शक सूचना सांगतात, पण आपल्याकडे ते किती जणांना माहीत आहे? बी-१२ आतड्यात शोषले जाताना कॅल्शियमची गरज लागते, आणि मेटफॉर्मिन नेमका तिथे अडथळा आणते. २००० सालच्या एका छोट्या अभ्यासात मेटफॉर्मिनवाल्यांना कॅल्शियम दिल्यावर शोषण सुधारले होते. म्हणून कुणी लगेच कॅल्शियम सुरू करू नये, बी-१२ थेट घेणे त्याहून सोपे. काकूंना इंजेक्शने दिली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, आग थोडी अजून आहे.

काकूंच्या घरात आणखी एक वस्तू सापडली. 'कमी सोडियमचे मीठ'. रक्तदाबासाठी त्यांच्या मुलाने आणलेले. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते. पोटॅशियम हेही खनिजच, पण ते गोळीच्या नव्हे तर मिठाच्या पाकिटातून आले म्हणून कुणाला औषध वाटले नाही. काकूही टेल्मिसार्टन घेतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीची औषधे शरीरातले पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात हे मीठ, आणि मूत्रपिंड जरा कमजोर असले तर रक्तातले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवण्याइतके वाढू शकते. काकूंचे वाढलेले नव्हते. मीठ बदलले.

खजुराबद्दल मला दरवर्षी विचारतात, म्हणून तेही. खजुरात खनिजे असतात हे खरे, पोटॅशियम तर भरपूर. पण एका मोठ्या मेदजूल खजुरात सुमारे १८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे चार चमचे साखरेहून थोडी जास्त, आणि मॅग्नेशियम जेमतेम १३ मिलिग्रॅम. सुन्नत एका खजुरानेही पाळली जाते. मॅग्नेशियम हवे असेल तर आपल्या ज्वारीच्या दोन भाकरींत सुमारे दीडशे मिलिग्रॅम मिळते, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज आहे ३०० ते ४५० च्या दरम्यान. दहा बदामांत तीसेक. भोपळ्याच्या बिया मूठभर घेतल्या तर भाकरीइतके. सहेरीला मैद्याचे पराठे आणि पाव यांच्याऐवजी भाकरी, डाळ, अंडे असले तर खनिजांची अर्धी चिंता मिटते आणि साखरही संथ चढते. माझी आजी हेच खायची, तेव्हा आम्ही तिला गावंढळ म्हणत होतो.

बाटली घ्यायचीच असेल तर लेबलवर काय पाहायचे ते आता मला येते. मात्रा एका गोळीची की दोन-तीन गोळ्यांची, हे आधी. मग धातूचे वजन लिहिले आहे की क्षाराचे. ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम ३०० च असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा पूरक गोळ्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापणे बंधनकारक आहे आणि परवाना अन्न खात्याचा असतो, औषध खात्याचा नव्हे. आपण मात्र ती मेडिकलच्या काउंटरवरून, औषधांच्याच पिशवीत घेऊन येतो. सेलेनियम असेल तर आणखी जपून. अमेरिकेत कर्करोग टाळण्यासाठी म्हणून रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्यांत उलट मधुमेह जास्त आढळला, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. आणि रक्त कमी असताना एचबीएवनसी खोटे जास्त दाखवू शकते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की ते उतरते. ती गोळी साखरेला लागू पडली असा समज करून घेऊन कुणी साखरेचे औषध कमी करू नये.

आता रोज्याबद्दल. सूरह अल-बकरामध्ये रोज्याचा हुकूम आला आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर करावेत, ज्यांना ते पेलतच नाहीत त्यांनी फिद्या म्हणून गरिबाला जेवू घालावे. सवलत हुकुमाला चिकटूनच आलेली आहे, हे आमच्या घरातल्या बायका विसरतात. मीही विसरले होते. २००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींचा अभ्यास झाला, त्यात टाइप दोनच्या ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते, आणि रमजानात साखर धोकादायक उतरण्याचे प्रमाण एरवीच्या साडेसात पट झाले होते. म्हणजे खालांसारख्या बायका घरोघरी आहेत. त्यांना रोजा ठेवू नका म्हणून भागत नाही, त्या ठेवणारच. मेटफॉर्मिन दोनदा असेल तर सहेरी आणि इफ्तार असे सहज बसते. ग्लिमेपिराइड एकदाच असेल तर ते इफ्तारला न्यावे आणि मात्रा डॉक्टरांनी बघावी. लघवीवाटे साखर काढणाऱ्या ग्लिफ्लोझिन जातीच्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी जास्त प्यावे, आणि त्यात मॅग्नेशियमने जुलाब लागले तर अंग फार लवकर कोरडे पडते. हे सगळे रमजानच्या दीड-दोन महिने आधी, सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून ठरवायचे असते. अंगाऱ्यापासून ते परदेशी डबीपर्यंत सगळे. डॉक्टरांपुढे आपण चिठ्ठीवरची औषधे सांगतो, भाच्याने आणलेली सांगत नाही.

काकूंनी हे सारे माझ्याकडून ऐकले आणि विचारले, "मग माझ्या चतुर्थीला काय? संध्याकाळी चंद्र उशिरा निघतो, आणि मी सकाळचीच गोळी घेते." मला उत्तर आले नाही. त्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांच्याही चतुर्थीच्या गोळ्या आता चंद्रोदयाला सरकल्या आहेत, आणि साबुदाण्याची खिचडी निम्मी झाली आहे.

यंदा खालांना डॉक्टरांनी पंधरा रोज्यांची परवानगी दिली आहे, एकाआड एक. बाकीच्यांचा फिद्या गेल्या शुक्रवारीच दिला. टीएसएच पुन्हा चारच्या आत आहे. सहेरीच्या ताटाशेजारी आता चार खणांची प्लास्टिकची डबी असते, वर मी उर्दूत लिहिलेल्या चिठ्ठ्या. दुपारी दोनला काकू ग्लुकोमीटर घेऊन येतात आणि खाला न सांगता बोट पुढे करतात. परवा भाच्याचा फोन आला होता. ईदला येतोय, खाला, काय आणू, म्हणून. खालांनी माझ्याकडे पाहिले आणि फोनमध्ये म्हणाल्या, "गोलियाँ मत ला बाबा. मशीन की पट्टियाँ ला, बहुत महँगी हैं यहाँ. दो डब्बे ला, एक इन के वास्ते."